पेटंट की डिझाइन नोंदणी? एका आदोळीवरून समजून घेऊ

गोव्यात कोणी स्वयंपाकघरातली एखादी वस्तू नव्या युक्तीने घडवली की चार जण एकच सल्ला देतात: "आधी पेटंट कर मरे, नाहीतर कोणीतरी उचलेल." मग तो माणूस कुणाच्या तरी ओळखीने अर्ज भरतो, काही महिन्यांनी प्रमाणपत्र येतं, ते फ्रेम होऊन वर्कशॉपच्या भिंतीवर लागतं आणि सगळीकडे 'पेटंट मिळालं' अशी बातमी होते. प्रमाणपत्र नीट वाचलं तर पुष्कळदा त्यावर डिझाइन कायदा, २००० असं छापलेलं असतं. पेटंटचा कायदा १९७० चा. दोन्ही कायदे एकाच नियंत्रकाच्या अखत्यारीत चालतात आणि दोन्हींत 'नवीन' हा शब्द येतो, म्हणून गल्लत होते. त्यातून मिळणारा हक्क मात्र अगदी वेगळा आहे.

थोडक्यात सांगायचं तर वस्तू काम कशी करते याचं संरक्षण पेटंट करतं आणि ती डोळ्याला कशी दिसते याचं संरक्षण डिझाइनची नोंदणी करते. ऐकायला हे सोपं आहे. गोंधळ होतो तो वस्तू हातात घेतल्यावर.

समजा, कुंडईच्या एखाद्या फॅब्रिकेटरने नवी आदोळी, म्हणजे विळी, केली. जुनी आदोळी आपल्याला ठाऊक आहे: लाकडी पाट, त्यावर पातं, पात्याच्या टोकाला दाते; पाटावर बसून भाजी चिरा, मासळी कापा, नाहीतर नारळ खवा. हल्ली गुडघे दुखतात, ओट्यापाशी उभ्याने काम करायचं असतं. म्हणून याने ती ओट्याच्या कडेला आवळून बसेल अशी केली. दुसरं म्हणजे दात्यांच्या मागे स्प्रिंग घातली. नारळाचा पांढरा भाग संपून दाते कट्टीजवळच्या (करवंटीजवळच्या) तपकिरी सालीला लागले की जोर वाढतो, स्प्रिंग दबते आणि दाते मागे सरतात. त्यामुळे सोय, म्हणजे खवलेला नारळ, पांढरीशुभ्र निघते, रस काढला तरी काळपट होत नाही. तिसरं म्हणजे आदोळीचं अंग त्याने बांगडा मासळीसारखं निमुळतं, पाठीला बाक दिलेलं आणि निळ्या-चंदेरी पट्ट्यांचं केलं. फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, मांडली तर माणूस थांबून बघेल अशी वस्तू.

या तिन्ही गोष्टी कल्पकच आहेत, पण कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो.

बांगड्याचा आकार आणि पट्टे हे डिझाइनचं काम. वस्तूचा आकार, ठेवण, नक्षी, रेषा आणि रंगांची मांडणी, तीही केवळ डोळ्याने पारखता येणारी, अशी कायद्याची व्याख्या आहे. त्याच व्याख्येत रचनेचं तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक करामत स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. अर्जासोबत वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची चित्रं द्यायची असतात आणि यंत्राच्या कोणत्याही हालचालीवर आपण हक्क सांगत नाही, असं त्या चित्रांखाली लिहून द्यायची पद्धत आहे. म्हणजे आपल्या फॅब्रिकेटरने फक्त डिझाइन नोंदवलं, तर 'स्प्रिंगवर माझा हक्क नाही' हे त्याने स्वतःच्या सहीनेच लिहून दिलेलं असतं. भिंतीवरच्या फ्रेममध्ये एवढं बारीक कोणी वाचत नाही.

आता वेर्ण्याच्या दुसऱ्या कोणी तीच स्प्रिंग घेतली आणि चौकोनी, काळ्या अंगाची आदोळी बाजारात आणली, तर डिझाइनचं प्रमाणपत्र दाखवून काही उपयोग नाही. डोळ्याला ती वस्तू वेगळीच दिसते. याउलट, एखाद्याने साधे दाते बसवून हुबेहूब बांगडा केला, तर पेटंटवाला त्याला अडवू शकत नाही, कारण त्यात पेटंटमधलं काही वापरलेलंच नाही. एका वस्तूला दोन हक्क लागतात ते यासाठी. दोन्ही घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

पण स्प्रिंगला पेटंट मिळेल का? इथे आपल्याकडची माणसं फार आशावादी असतात. नुसतं नवीन असून भागत नाही. त्यात शोधाचा टप्पा लागतो, म्हणजे त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं असं काहीतरी. या बाबतीत भारतातला सगळ्यात मोठा निकाल भांड्यांच्याच धंद्यातला आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. मिर्झापूर पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. तिथल्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजने १९५१ मध्ये, लेथवर भांडं घासून-कातून तयार करताना ते पक्कं धरून ठेवणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. भांडं फिरताना निसटून उडायचा धोका त्यामुळे टळत होता. गावातल्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीशी त्यावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने पेटंट टिकू दिलं नाही. जुन्या लेथमध्ये टोकदार आधार जोडून भांडं दाबून धरणं ही कारखान्यातली साधी सुधारणा आहे, शोध नव्हे, असा त्याचा मथितार्थ. उपयोग होता, सोय होती, धोका कमी झाला होता. तरीही पेटंट गेलं.

हा निकाल डोक्यात ठेवून आदोळीकडे बघा. ओट्याला आवळून बसणारी खवणी बाजारात केव्हाची आहे. हँडल फिरवायची, तळाला सक्शन असलेली, कोइम्बतूरच्या ग्राइंडरला जोडायची, असे कितीतरी प्रकार दुकानात मिळतात. तेव्हा आवळण्याचा भाग बाजूलाच ठेवावा. आवळणं आणि स्प्रिंग आपापलं काम स्वतंत्रपणे करत असतील, तर दोन्ही जोडूनही शोध होत नाही. ओळखीच्या साधनांची नुसती मांडामांड पेटंट कायद्याच्या कलम ३ ने बाद ठरवली आहे. उरली स्प्रिंग. दाते किती जोराला मागे सरावेत, तो जोर कसा ठरवला, कोवळ्या आणि सुक्या नारळाला तो बदलता येतो का, इथे काही अनपेक्षित युक्ती असेल तर पेटंटची आशा धरता येईल. 'स्प्रिंग लावली' एवढंच सांगायचं असेल तर पैसे वाया घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

परंपरेने चालत आलेलं ज्ञानही त्याच कलमात बाद आहे. मातीच्या भांड्यात पाणी गार होतं, हे तत्त्व कोणाच्याच नावावर होणार नाही. गुजरातमधल्या वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी 'मिट्टीकूल' नावाचं विजेविना चालणारं मातीचं कपाट केलं. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात भाजी आणि दूध. तत्त्व माठाचंच, रचना त्यांची. आपल्याकडची बुडकुली आणि कुंडलं ही मातीची भांडी घडवणाऱ्यांनी काही नवं करताना हा फरक लक्षात ठेवावा.

जगातल्या दोन प्रसिद्ध वस्तू शेजारी ठेवल्या की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. अर्ल टपर यांच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कडेवर घट्ट बसतं आणि मधे दाबून आतली हवा काढता येते. त्या झाकणाला १९४९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. डबा दिसायला अगदी साधा, करामत सगळी झाकणात. दुसरी वस्तू म्हणजे फिलिप स्टार्क यांनी अलेस्सी कंपनीसाठी केलेलं, १९९० मध्ये बाजारात आलेलं लिंबू पिळायचं साधन. तीन लांब पाय आणि वर माणकासारखं, म्हणजे स्क्विडसारखं, निमुळतं डोकं. लिंबू त्याच जुन्या खाचांवर पिळायचं, रस खाली पेल्यात गळतो. पिळण्यात नवं काही नाही, पण शोकेसमध्ये ठेवावंसं वाटतं. पहिली वस्तू पेटंटच्या घरची, दुसरी डिझाइनच्या.

डिझाइनला कमी लेखायचं मात्र कारण नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात व्हर्लपूल विरुद्ध व्हिडिओकॉन असा खटला झाला, वॉशिंग मशीनच्या बाह्य आकारावरून. आपलंही डिझाइन नोंदलेलं आहे, असा व्हिडिओकॉनचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. नोंदणी असलेल्यावरही आधीचा नोंदणीधारक दावा करू शकतो असं ठरवून मनाई दिली. म्हणजे दुसऱ्याने थोडा फेरफार करून स्वतःचं प्रमाणपत्र मिळवलं तरी तो सुटत नाही. गोवाही याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो, खंडपीठ पर्वरीला आहे. डिझाइनची नक्कल झाली तर दावा जिल्हा न्यायालयात दाखल होतो. समोरच्याने तुमची नोंदणीच रद्द करण्याजोगी आहे असा बचाव घेतला की तो उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो. बहुतेक जण तो बचाव घेतातच.

मुदत आणि खर्च पटकन सांगतो. डिझाइनची नोंदणी १० वर्षं, वाढवून आणखी ५. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाचं शुल्क भरत राहावं लागतं. व्यक्तीला डिझाइनच्या अर्जाला १,००० रुपये सरकारी शुल्क पडतं. पेटंटला ऑनलाइन अर्जाचे १,६०० आणि तपासणीच्या विनंतीचे वेगळे ४,०००. खरा खर्च पेटंट एजंटचा, कारण पेटंटचा दावा शब्दांत मांडणं हे कसबाचं काम आहे. डिझाइनमध्ये चित्रं बोलतात. अर्जदार स्त्री असेल तर पेटंटची तपासणी लवकर करून घेण्याची सोय २०१९ पासून आहे. घरगुती उपकरणांत नवं सुचतं ते पुष्कळदा बायकांनाच. अर्जावर नाव मात्र नवऱ्याचं किंवा वर्कशॉपवाल्याचं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अर्जाआधी वस्तू दाखवल्याने. दोन्ही कायद्यांना वस्तू अर्जाच्या दिवशी नवी लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चार नग विकले, जत्रेच्या फेरीत स्टॉल लावला, आदोळी चालवतानाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, की नवेपणा संपला. विकणारे तुम्ही स्वतः होता, ही सबब चालत नाही. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला सवलत आहे, पेटंटला १२ महिने आणि डिझाइनला ६, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. डिझाइनच्या बाबतीत नियंत्रकाला आधी कळवावंही लागतं. फेस्तातला (चर्चच्या उत्सवातला) किंवा फेरीतला स्टॉल त्यात धरून चालू नका. डाय (साचा) करणाऱ्याला किंवा वेल्डरला दाखवणं वेगळं. 'हे गुप्त ठेवायचं' असं त्याच्याकडून लिहून घेतलेलं बरं.

दोन्ही हक्क हवे असतील तर क्रम महत्त्वाचा. डिझाइन नोंदलं गेलं की त्याची चित्रं प्रसिद्ध होतात, आणि हे पेटंटच्या मानाने लवकर होतं. त्या चित्रात स्प्रिंगची जागा, दात्यांची खाच दिसत असेल तर नंतर केलेल्या पेटंटच्या अर्जासमोर तुमचंच चित्र पुरावा म्हणून उभं राहतं. म्हणून पेटंटचा अर्ज आधी, निदान त्याच दिवशी. पूर्ण तपशील तयार नसेल तर तात्पुरता अर्ज करता येतो. तारीख मिळते आणि पूर्ण अर्ज द्यायला १२ महिने हातात राहतात. गोव्यातल्या माणसाचा पेटंट अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातो, डिझाइनची तपासणी आणि नोंद कोलकात्याला होते.

डिझाइनच्या अर्जात वस्तूचा वर्ग लिहावा लागतो, आणि एक डिझाइन एकाच वर्गात नोंदवता येतं. हाताने चालवायची स्वयंपाकाची साधनं सातव्या वर्गात येतात, आपली बांगड्याची आदोळी तिथे. तिला मोटर जोडली की ती अन्न तयार करणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे एकतिसाव्या वर्गात जाते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, ढीगभर नारळ खवायला लोक मोटरवाली मागणार, हे धरूनच चालावं. तेव्हा तो आकार मनात असेल तर त्याचा अर्जही हाताची आदोळी बाजारात जायच्या आत टाकावा, आणि मोटर असताना दाते मागे कसे सरतील हे मुंबईच्या तात्पुरत्या अर्जातच लिहून ठेवावं.