अर्ध्या युनिटावर मसाईंचा माळ

केनियाचा दक्षिण भाग आणि टांझानियाचा उत्तर भाग हा मसाई गुराख्यांचा मुलूख. तिथल्या गवताळ माळांवर वाटाड्याला सोबत घेऊन ई-सायकलवरून काही दिवसांची भटकंती करता येते. मोटरमुळे दमछाक वाचते खरी, पण माती आणि हत्ती यांच्यापुढे मोटरचं काही चालत नाही.

ई-सायकलची बॅटरी साधारण ५०० वॅट-तासांची असते. वीजबिलाच्या भाषेत अर्धा युनिट! स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरले, तर तिथल्या ‘रिफ्ट’ या खोल खोऱ्याच्या तळातून ५०० मीटर वर यायला निव्वळ गुरुत्वाकर्षणापोटी १३६ वॅट-तास लागतात. त्यातले काही स्वाराच्या पायांतून येतात, बाकीचे बॅटरीतून.

उरलेल्या शक्तीवर डल्ला मारते माती. सखल भागातल्या जमिनीला तिकडेही ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. या मातीतली स्मेक्टाइट गटातली खनिजं पापुद्र्यांसारखी रचलेली असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, ते उडून गेलं की आक्रसते. म्हणून कोरड्या दिवसांत हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात अशी राड, की चाक आणि सायकलचा सांगाडा यांच्यातली फट दहा-वीस फेऱ्यांत बुजते. मग मोटरने कितीही जोर लावला तरी चाक हलत नाही. सायकल खांद्यावर घ्यायची आणि तिचं वजन जोखायचं! मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा टाळतात तो यासाठीच.

याच काळ्या जमिनीत ‘शिट्टी मारणारी बाभूळ’ वाढते. तिच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात. त्यांत मुंग्या राहतात. त्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा घुमला की शिट्टी वाजते. ऐकायला छान, टायरला वाईट. ट्यूबलेस टायरमध्ये पातळ लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकासारखा द्रव, भरलेलं असतं. काटा घुसला की हवेच्या दाबाने ते भोकाकडे धावतं आणि तिथेच गोठून बूच बसतं.

हत्तीचं मात्र असं सोपं नाही. २००७ साली केनियातल्या अंबोसेली अभयारण्यातल्या हत्तींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मसाई पुरुषांनी वापरलेल्या कपड्यांचा वास येताच हत्ती जेवढे पळाले, ते कांबा या शेतकरी जमातीतल्या पुरुषांच्या कपड्यांचा वास आल्यावर पळाले त्यापेक्षा जास्त वेगाने आणि जास्त दूर. कारण उघड आहे: मसाई तरुण हत्तीवर भाला चालवत आले आहेत, कांबांपासून हत्तींना तेवढा धोका नसतो. वास नसलेलं नुसतं लाल कापड पाहून मात्र ते चवताळले, कारण मसाईंची शुका, म्हणजे अंगावर गुंडाळायचं वस्त्र, बहुधा लाल असते. २०१४ सालच्या अभ्यासात तर हत्तींना नुसत्या आवाजावरून मसाई आणि कांबा यांतला फरक कळतो, शिवाय मसाई पुरुष आणि मसाई बायका-मुलं यांतलाही, असं दिसलं.

जीपमध्ये माणसाचा आकार पत्र्याआड असतो आणि त्याचा वास डिझेलच्या धुरात मिसळतो. सायकलवर दोन्ही उघडे. त्यामुळे हत्ती दिसोत न दिसोत, वारा कुठून वाहतोय हे आधी बघावं लागतं. मूठभर धूळ उडवून ते बघणारा वाटाड्या बहुतेक वेळा मसाईच असतो, म्हणजे त्या अख्ख्या तांड्यात हत्तींना सगळ्यात नकोसा वास त्याचाच.