मशीनला वाटते साठ, पाणी पंच्याहत्तर

समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये पाणी तापवणारा हीटर ड्रमच्या खाली असतो आणि त्याला लागूनच, बहुतेक वेळा त्याच रबरी पॅकिंगमधून आत शिरलेला, बोटाच्या पेराएवढा तापमान सेन्सर असतो. पाणी नीट तापेनासे झाले की पडद्यावर एखादा संकेत उमटतो आणि बेळगाव असो, खानापूर असो वा निपाणी, दुरुस्तीची सुरुवात बहुधा सेन्सर बदलण्यापासून होते. संकेताचा अर्थ मात्र इतका नेमका नसतो. मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला सेन्सर असा वेगळा कळतच नाही. त्याला कळतो तो दोन वायरींच्या टोकांमधला विद्युत रोध, आणि त्या रोधात सेन्सरबरोबर वायर व कनेक्टर यांचाही वाटा असतो.

या सेन्सरला थर्मिस्टर म्हणतात. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची पूड दाबून आणि भाजून त्याचा गाभा तयार करतात. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, पण थर्मिस्टरचा घटतो, कारण तापमान वाढले की त्या पदार्थातून विद्युतभाराला वाहणे सोपे जाते. असे उलटे वागणे मायकेल फॅरेडे यांनी 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपले होते. हा उतार सरळ रेषेत नसतो: थंडीत तो तीव्र असतो आणि गरम पाण्यात सौम्य होत जातो. तपासणीतला सगळा घोळ याच वक्रतेतून निर्माण होतो.

25 अंश सेल्सिअसला 10 किलो-ओम, म्हणजे 10,000 ओम, रोध दाखवणारा, सर्वसाधारण प्रकारचा थर्मिस्टर उदाहरणादाखल घेऊ. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे पारा 15 अंशांवर असताना तो सुमारे 16 किलो-ओम दाखवेल आणि मे महिन्याच्या दुपारी 35 अंशांना साडेसहाच्या आसपास. दोन्ही वेळा सेन्सर ठणठणीत आहे. म्हणून रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवर आलेला आकडा त्या वेळच्या तापमानाशी ताडून पाहिल्याशिवाय सेन्सर खराब ठरवणे हा निव्वळ अंदाज होय.

वायर पूर्ण तुटली किंवा आतल्या आत चिकटली, तर रोध अनंत किंवा जवळजवळ शून्य होतो आणि बोर्डाला बिघाड लगेच ओळखता येतो. त्रास देतो तो अर्धवट बिघाड. आपल्याकडे मशीन न्हाणीघराला लागून किंवा परसातल्या पडवीत ठेवलेले असते आणि खानापूरच्या बाजूला तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीही सुकत नाहीत. अशा दमट हवेत कनेक्टरच्या पिना गंजतात आणि त्या गंजाने मार्गात समजा 1 किलो-ओमची भर पडली. पहाटेच्या थंडीत 16 चे 17 होतात, म्हणजे बोर्डाची चूक जेमतेम सव्वा अंशाची. पण 60 अंशांना सेन्सरचा स्वतःचा रोधच अडीच किलो-ओम असतो, तेथे साडेतीन झाले की बोर्डाला पाणी 51 अंशांचे वाटते आणि हीटर चालूच राहतो. बोर्डाचे समाधान होईपर्यंत पाणी प्रत्यक्षात 75 अंशांवर पोहोचलेले असते. चाळीसच्या धुण्यात हाच दोष पाचेक अंशांचा असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. साठच्या धुण्यात मात्र रंग उतरतात आणि कपडे आटतात. कोणताही संकेत न देता हे घडते, म्हणून पूर्ण मेलेल्या सेन्सरपेक्षा हा दोष मला अधिक घातक वाटतो.

तपासणी दोन तापमानांना करावी लागते. आधी प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही, आणि पाणी पूर्ण निवू द्यावे. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या पिनांवर रोध मोजावा, मग टाकीतले पाणी उपसून सेन्सर बाहेर काढावा आणि साधा तापमापक ठेवलेल्या कोमट, नंतर गरम पाण्यात त्याचे टोक बुडवून पुन्हा मोजावा. आकडा न अडखळता उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारणारा सेन्सर आतून तडकलेला असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर सेन्सर गरम पाण्यातच असताना कनेक्टर पुन्हा जोडून बोर्डाकडच्या टोकावरून हीच मोजणी करावी, कारण दोन आकड्यांतली तफावत म्हणजेच वायर आणि कनेक्टर यांचा रोध. मोजताना वायर हलवून पाहावी. उंदराने अर्धी कुरतडलेली वायर स्थिर असताना निर्दोष दिसते.

दोन्ही टोकांना आकडे जुळले, तर संशय हीटरवर न्यावा. 2 किलोवॅटच्या हीटरचा रोध साधारण 26 ओम असतो आणि तो 15 लिटर पाणी 20 वरून 40 अंशांवर साडेदहा मिनिटांच्या आसपास नेतो. कपडे आणि ड्रम यांच्यामुळे थोडा वेळ जास्त लागतो, पण अर्धा तास लागू नये. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरी आणखी एक शक्यता असते. क्षारांचा थर सेन्सरवर चढला की त्याला ऊब उशिरा कळते आणि तोवर पाणी ठरलेल्या तापमानापुढे गेलेले असते. तेथे नवा सेन्सर आणण्याऐवजी थर काढणे पुरते.

बदलायचाच झाला, तर नव्या सेन्सरचे रूप जुळणे पुरेसे नाही. सारख्याच दिसणाऱ्या सेन्सरांत 25 अंशांना 5 किलो-ओम दाखवणारेही असतात आणि 12 दाखवणारेही, त्यामुळे मशीनचा मॉडेल क्रमांक दुकानदाराला देऊन त्या मॉडेलसाठी ठरवलेलाच रोध मागावा.