फुटबॉल क्लबसाठी समर्थकांची ऑनलाइन वर्गणी

कर्जात बुडालेला किंवा मालकाने वाऱ्यावर सोडलेला फुटबॉल क्लब बंद पडू नये म्हणून त्याच्या चाहत्यांनी इंटरनेटवरून उभा केलेला निधी. कुठे तो देणगीच्या रूपाने जमतो, कुठे क्लबचे शेअर विकून, तर कुठे दरमहा खात्यातून परस्पर वळत्या होणाऱ्या सभासद वर्गणीतून. देणगीदाराला पावती मिळते, शेअर घेणाऱ्याला किंवा सभासदाला मतही मिळते. वाचवलेला क्लब पुढे कोणाच्या हाती राहतो, हे बहुतेक वेळा या फरकावर ठरते.

इंग्लंडमध्ये सामन्याच्या दिवशी मैदानाच्या फाटकाशी पैसे गोळा करायला बादल्या घेऊन उभे राहण्याची चाल जुनी आहे. बर्लिनच्या युनियन क्लबच्या चाहत्यांनी २००४ मध्ये रक्तदान करून त्याचा मोबदला क्लबला दिला होता. इंटरनेटमुळे गावाबाहेरचा, देशाबाहेरचा चाहता या कामात आला.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण स्पेनच्या रेआल ओविएदोचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये या क्लबला टाळे टळावे म्हणून दोनेक आठवड्यांत सुमारे १९ लाख युरो हवे होते. क्लबने १०.७५ युरोंना एक शेअर विक्रीला काढला. सांती काझोर्ला, हुआन माता आणि मिचू हे तेव्हा इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेले खेळाडू ओविएदोशी जुने नाते असलेले. त्यांनी शेअर घेतले, इतरांनाही घ्यायला सांगितले, आणि ज्यांनी ते शहर नकाशावरही पाहिले नव्हते अशा देशोदेशींच्या हजारो लोकांनी पैसे पाठवले. पाठोपाठ मेक्सिकोचे उद्योगपती कार्लोस स्लिम यांनी २० लाख युरो घालून क्लबची सूत्रे घेतली. म्हणजे लहान भागधारकांच्या हाती क्लबचा कारभार आला नाही. पण स्लिम यांनी पैसे घालावेत इतपत क्लब तोवर जिवंत राहिला तो या लहान भागधारकांमुळेच. काझोर्ला २०२३ मध्ये आपल्या या जुन्या क्लबकडून खेळायला परतला आणि २०२५ मध्ये ओविएदोने २४ वर्षांनी स्पेनच्या पहिल्या श्रेणीत पाऊल ठेवले.

इंग्लंडच्या पोर्टस्मथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि दोनच वर्षांत, प्रीमियर लीगमध्ये असताना, तो दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेला. त्या लीगमधला असा हा पहिला क्लब. चाहत्यांच्या ट्रस्टने माणशी १,००० पौंडांचे शेअर काढले आणि एप्रिल २०१३ मध्ये क्लब ताब्यात घेतला. जुनी देणी फेडली. २०१७ मध्ये सभासदांनीच मतदान करून क्लब अमेरिकी उद्योजक मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला विकला. चाहत्यांना क्लब चालवता आला नाही, असा त्याचा अर्थ काढणारे चुकतात. सावरलेला क्लब कोणाला आणि कोणत्या किमतीला द्यायचा, हे त्यांनी स्वतः ठरवले. त्याआधीच्या मालकबदलांत त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

स्कॉटलंडच्या हार्ट्सचा मार्ग संथ आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा. २०१३ मध्ये क्लब डबघाईला आल्यावर चाहत्यांच्या फाउंडेशनने एकरकमी मागणी करण्याऐवजी दरमहा वर्गणी सुरू केली. उद्योजिका ॲन बज यांनी पुढाकार घेऊन क्लब घेतला, आणि महिन्याच्या त्या छोट्या रकमांवर ऑगस्ट २०२१ मध्ये बहुसंख्य शेअर फाउंडेशनकडे आले. वर्गणी त्यानंतरही चालू राहिली.

फसलेला प्रयोगही नोंदवायला हवा. २००८ मध्ये ‘मायफुटबॉलक्लब’ या ऑनलाइन उपक्रमाच्या हजारो सभासदांनी वर्षाला ३५ पौंड भरून केंट परगण्यातला एब्सफ्लीट युनायटेड हा छोटा क्लब घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात क्लबने लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए ट्रॉफी ही छोट्या क्लबांची स्पर्धा जिंकली, तेव्हा सगळे स्वप्नवत वाटले. मात्र सभासदत्वाच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा बहुतेक जण गळाले, आणि २०१३ मध्ये त्यांनी मालकी सोडली. पावसात कट्ट्यावर उभे राहून त्या संघाचा पराभव पाहिलेले त्यांत फार थोडे होते. इंग्लंडच्याच बरी या क्लबची तर वेळच टळली : १८८५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढला गेला, आणि चाहत्यांच्या हाती मैदान मिळवण्याचे आणि खालच्या पायरीपासून सुरुवात करण्याचे काम उरले.

ठाणे आणि नवी मुंबई

भारतात क्लब बंद पडताना चाहत्यांना हाक मारण्याची पद्धत रुजलेली नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा गाशा कंपनीने २०१० मध्ये गुंडाळला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून खाली घसरला आणि बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला व त्याची जागा हैदराबादला गेली. तिन्ही वेळा निर्णय वरून आला.

नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमने जागतिक दर्जाचे फुटबॉल पाहिले आहे : २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, २०२२ मध्ये महिला आशियाई चषकाची अंतिम लढत आणि त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत. मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदानही पहिले दोन हंगाम हेच होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी इथेच पुण्याला ५-० असे हरवले. २०१६ मध्ये क्लब अंधेरीला गेला. तेव्हापासून वाशी-नेरूळचा चाहता कुर्ल्याला गाडी बदलून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने आझादनगर गाठतो. ठाण्याच्या चाहत्याला निदान घाटकोपरपर्यंत सरळ लोकल आहे. देशातल्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये या दोन्ही शहरांच्या नावाचा क्लब नाही. जुलै २०२५ मध्ये या लीगचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम अधांतरी लटकला, काही क्लबांनी पगार थांबवले, आणि डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. इतक्या लांबून येणाऱ्या या माणसांकडे तेव्हाही भागधारक म्हणून बोलण्याची सोय नव्हती.

इथली खरी वर्गणी दिसते ती छोट्या क्लबांत. शाळेच्या मैदानावर किंवा तासावर घेतलेल्या टर्फवर सराव, कळवा-ऐरोली-कोपरखैरण्याची पोरे, आणि सामना मात्र कूपरेजला किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर. नोंदणी शुल्क, टर्फचे भाडे, किट, प्रवास, पाणी, आणि कोणाचा गुडघा गेला तर एमआरआय. पैसे संपले की व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड पडतो. स्कॅन केल्यावर क्लबचे नाव येत नाही, खजिनदाराचे येते. पैसे पाठवणारा स्क्रीनशॉट टाकतो, यादीत पुढच्या आकड्यासमोर आपले नाव लिहितो आणि यादी परत टाकतो. दोघांनी एकदमच टाकली की एकाचे नाव गळते, आणि मग रात्री खजिनदार बँकेचा मेसेज न् मेसेज तपासत बसतो. या माणसाच्या भरवशावर कित्येक संघ हंगाम पुरा करतात. त्याचे ऋण कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही, म्हणून ते इथे नोंदवले.

गणेशोत्सवाची वर्गणी वर्षानुवर्षे देणाऱ्या वस्तीला पैसे मागण्याची पद्धत शिकवावी लागत नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांचा संसार पेठांच्या आधारावरच चालतो. ठाणे-नवी मुंबईत पेठ नाही. सेक्टर आहेत, सोसायट्या आहेत, आणि बदली-भाडेकरारांमुळे हलत राहणारी वस्ती आहे. तिथे क्लबभोवती माणसे धरून ठेवणे हे पैसे जमवण्यापेक्षा अवघड काम ठरते.

कायद्याची बाजू

ओविएदोची रीत इथे तशीच्या तशी चालत नाही. खासगी कंपनीला २०० पेक्षा जास्त भागधारक ठेवता येत नाहीत आणि शेअरसाठी जाहीर आवाहनही करता येत नाही. ऑनलाइन मंचावरून सर्वसामान्यांना शेअर विकण्याला सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची मान्यता नाही. अशा मंचांबाबत तिने २०१६ मध्ये गुंतवणूकदारांना सावधही केले. त्यामुळे केटोसारख्या मंचावर जे जमते ती देणगी असते, मालकी नसते. नोंदणीकृत संस्था किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा न्यास काढला, तर बँक खाते क्लबच्या नावाचे होते आणि दरवर्षी हिशेब तपासला जातो. नोंदणी नसलेली गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात ती याच कायद्याच्या ४१ क कलमाखाली. परदेशात नोकरी करणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व असलेल्या माजी खेळाडूने आपल्या कमाईतून दिलेले पैसे परदेशी अंशदान ठरत नाहीत. नागरिकत्व बदललेले असेल, तर २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

सहकाराचा विचार या क्षेत्रात जवळजवळ झालेलाच नाही, याचे मनापासून वाईट वाटते. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने शेअर गोळा करून १९५० च्या सुमारास साखर कारखाना उभा केला, आणि एक सभासद-एक मत हे तत्त्व मराठी मुलखाच्या अंगवळणी पडले. पोर्टस्मथच्या ट्रस्टचे तत्त्वही तेच. इथल्या छोट्या क्लबाने आवाहन करण्याआधी निदान तीन गोष्टी लेखी ठेवाव्यात : पैसे कोणत्या देण्यासाठी, हिशेब कोण आणि कधी मांडणार, आणि ठरलेली रक्कम जमली नाही तर जमलेले पैसे परत द्यायचे की पुढच्या वर्षीच्या नोंदणी शुल्कासाठी ठेवायचे.