पोटगी

पोटगी : विवाहसंबंधातील एका जोडीदाराने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या दुसऱ्या जोडीदाराला कायद्याने देणे लागणारी निर्वाहाची रक्कम. भारतीय कायद्यात मुले व वृद्ध आई-वडील यांनाही पोटगी मागता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पति-पत्नींमधील, विशेषतः घटस्फोटाच्या वेळी ठरणाऱ्या पोटगीचा विचार केला आहे.

घटस्फोटाच्या खटल्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. विवाह संपुष्टात यावा की नाही, हा पहिला आणि त्यानंतर कोण कशावर जगणार, हा दुसरा. लोकांचे लक्ष पहिल्यावर असते, पण पक्षकारांचे पुढचे आयुष्य बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उत्तरावर ठरते.

ब्रिटिश काळातील 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 488 अन्वये पत्नीला व मुलांना दंडाधिकाऱ्याकडे निर्वाहखर्च मागता येत असे. टाकून दिलेल्या बायकामुलांवर भीक मागण्याची वेळ येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. 1973 च्या संहितेत हीच तरतूद कलम 125 म्हणून आली आणि ‘पत्नी’ या व्याख्येत घटस्फोटित व पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीचाही समावेश झाला. मात्र महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा कायम होती. महागाई वाढत गेली तरी हा आकडा हलला नाही. ती मर्यादा 2001 मध्ये उठली. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे.

या फौजदारी तरतुदीला धर्माची अट नाही. तिच्या जोडीने धर्मानुसार लागू होणारे व्यक्तिगत कायदे आणि इतर कायदेही आहेत. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 24 नुसार खटला चालू असताना अंतरिम पोटगी व खटल्याचा खर्च मिळतो, तर कलम 25 नुसार कायमची पोटगी ठरते. या दोन्ही कलमांखाली पतीही पत्नीकडे पोटगी मागू शकतो, ही गोष्ट फारशी माहीत नसते. विशेष विवाह अधिनियम, 1954 मध्ये हा हक्क फक्त पत्नीला आहे. घटस्फोट न घेता वेगळे राहणाऱ्या हिंदू पत्नीसाठी 1956 चा दत्तक व निर्वाह अधिनियम आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली निर्वाहाच्या रकमेबरोबरच राहत्या घरात राहण्याचा आदेशही मिळतो. ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले, तरी केवळ तेवढ्या कारणाने हा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले.

मुस्लिम स्त्रियांच्या पोटगीचा प्रश्न देशाच्या राजकारणातही गाजला. 1985 च्या शहाबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम 125 लागू केले. त्यावर उठलेल्या वादळानंतर संसदेने 1986 चा स्वतंत्र अधिनियम केला आणि पतीची जबाबदारी इद्दतीच्या, म्हणजे घटस्फोटानंतर पुनर्विवाहापूर्वी स्त्रीने पाळायच्या ठरावीक प्रतीक्षेच्या, काळापुरती मर्यादित झाल्याचे चित्र उभे राहिले. 2001 च्या दानियल लतिफी निकालाने त्याच अधिनियमाचा अर्थ वेगळा लावला : रक्कम इद्दतीच्या काळात द्यायची, पण तरतूद पुढच्या आयुष्याची करायची. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने कलम 125 चा मार्गही या स्त्रियांना खुला असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. एका वृद्ध स्त्रीच्या अर्जातून निघालेला हा प्रश्न पूर्णपणे मिटायला जवळजवळ चार दशके लागली.

भारतात पोटगीवर एवढा भार का पडतो, हे समजण्यासाठी मालमत्तेच्या कायद्याकडे पाहावे लागते. अनेक देशांत विवाहकाळात मिळवलेली मालमत्ता दोघांची मानून घटस्फोटाच्या वेळी वाटली जाते. भारतात सर्वसाधारणपणे ज्याच्या नावावर घर, त्याचे घर. वीस वर्षे संसार सांभाळणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या, सासरच्या आजारपणात उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या श्रमातून घराचे हप्ते फेडण्याइतकी बचत झाली, तरी कागदावर तिचे नाव नसेल तर मालकीचा हक्क आपोआप येत नाही. तिच्या त्या साऱ्या वर्षांचे मोल मग पोटगीच्या आकड्यातच बसवावे लागते. ही व्यवस्था अन्यायाची आहे. पोटगी गरज पाहून ठरते. मिळकतीतील वाटा हा मात्र गरजेवर नव्हे, हक्कावर उभा असतो, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

याला गोव्याचा अपवाद आहे. तेथे पोर्तुगीज काळातील नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पति-पत्नींची मालमत्ता सामायिक धरतात आणि विवाह संपल्यावर प्रत्येकाला निम्मा वाटा मिळतो. देशभरासाठी पतीच्या मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाहविषयक सुधारणा विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते. लोकसभेत ते पुढे गेले नाही आणि व्यपगत (मुदत संपल्याने बाद) झाले.

स्त्रीधन ही पोटगीहून वेगळी बाब आहे. लग्नात किंवा लग्नानंतर स्त्रीला मिळालेले दागिने, रोख व भेटवस्तू तिच्याच मालकीच्या असतात. सासरच्यांकडे त्या केवळ विश्वासाने ठेवलेल्या मानल्या जातात, असे 1985 च्या प्रतिभा राणी खटल्यात ठरले. तडजोडीत ‘दागिने परत केले, आता पोटगी कसली?’ असा सूर हमखास लागतो. कायद्याला तो मान्य नाही.

पोटगीच्या रकमेचे ठरीव कोष्टक नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम न्याय्य ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या एका निकालात म्हटले आणि तेव्हापासून तो आकडा वकिलांच्या तोंडी बसला. प्रत्यक्षात न्यायालय दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वय, आरोग्य, विवाहाचा कालावधी, विवाहकाळातील राहणीमान, अवलंबून असलेली माणसे आणि संसारासाठी सोडलेली नोकरी हे सारे पाहते. पत्नी कमावती आहे एवढ्याने पोटगी नाकारता येत नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणे म्हणजे रस्त्यावर येणे नव्हे, असे 2007 च्या चतुर्भुज विरुद्ध सीताबाई निकालात न्यायालयाने सांगितले आहे. उलट बाजूने, धडधाकट पतीला ‘सध्या मला काम नाही’ एवढे सांगून सुटका मिळत नाही. त्याची कमावण्याची क्षमताही मोजली जाते.

खरी लढाई आकड्यांच्या पुराव्यावर होते. उत्पन्न ज्याचे, त्यालाच ते माहीत, आणि ते कमी दाखवण्यात त्याचाच फायदा. पगारदाराची चिठ्ठी तरी असते. दुकानदार, ठेकेदार, शेती किंवा भागीदारीतील व्यावसायिक यांचे उत्पन्न शोधताना अर्जदार स्त्री हतबल होते. या दृष्टीने 4 नोव्हेंबर 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल फार महत्त्वाचा आहे. त्याने दोन्ही पक्षकारांना उत्पन्न, मालमत्ता व देणी उघड करणारे शपथपत्र दाखल करणे बंधनकारक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, निकालाच्या तारखेपासून नव्हे, असेही सांगितले. वेगवेगळ्या कायद्यांखाली मागितलेल्या रकमांचा मेळ घालून आधी मिळालेली रक्कम वजा करण्याची पद्धतही घालून दिली. त्यामुळे बँकेचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, विमा व गुंतवणुकीची कागदपत्रे, गहाणखते यांच्या प्रती वाद कोर्टात जाण्याआधीच हाताशी असणे मोलाचे ठरते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात पोटगी संमतीच्या अटींत लिहिली जाते. येथे दरमहा की एकरकमी, हा निर्णय करावा लागतो. दरमहा रक्कम परिस्थिती बदलल्यास अर्ज करून वाढवता वा कमी करता येते, पण ती बंद पडण्याची टांगती तलवार राहते. एकरकमी पोटगीने संबंध तुटतो, मात्र वीस वर्षांनंतरच्या महागाईचा अंदाज आजच करावा लागतो. करातही फरक पडतो : दरमहा पोटगी ही उत्पन्न मानली जाते, तर एकरकमी रक्कम सर्वसाधारणपणे भांडवली प्राप्ती (उत्पन्नात न मोजली जाणारी रक्कम) समजली जाते. ‘भविष्यात काहीही मागणार नाही’ असे कलम स्त्रिया अनेकदा थकून लिहून देतात. मुलांचा निर्वाहखर्च हा मुलांचा हक्क असल्यामुळे आईने तो सोडून दिला तरी मुलांवर ते बंधनकारक नसते.

संमतीच्या अटी फक्त दोघांवर बंधनकारक असतात, बँकेवर नाहीत. घराचे कर्ज दोघांच्या नावे असेल आणि हप्ते पती भरेल असे लिहिले असेल, तरी हप्ते थकल्यावर बँक पत्नीकडेही वसुली मागू शकते. विमा आणि बँक खात्यांवरील नामनिर्देशनेही (नॉमिनी म्हणून दिलेली नावे) घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबरोबर आपोआप बदलतील असे धरून चालता येत नाही. ती स्वतः जाऊन बदलावी लागतात.

पोटगीचा सर्वांत दुबळा दुवा वसुलीचा. फौजदारी तरतुदीखाली थकबाकीसाठी वॉरंट निघते आणि रक्कम न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने देणे फिटत नाही. मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘आज देतो, उद्या देतो’ यावर विसंबून राहिलेल्या अनेकींचे जुने महिने या मार्गाने हातचे जातात. दिवाणी हुकूमनाम्याची अंमलबजावणी करताना पगाराचा एक तृतीयांश भाग वगळून उरलेल्या रकमेवर टाच आणता येते. सामान्य कर्जाच्या वसुलीपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त आहे. पगारदारांच्या बाबतीत हा मार्ग परिणामकारक ठरतो. ज्याचा व्यवहार रोखीत चालतो आणि ज्याने मिळकत भावाच्या किंवा आईच्या नावावर केली आहे, त्याच्याविरुद्ध प्रत्येक थकबाकीसाठी नवा अर्ज, नवे समन्स आणि नवी तारीख असा फेरा चालू राहतो. अशा प्रकरणांत तडजोड करताना रक्कम टप्प्याटप्प्याने न घेता, शेवटचा हुकूमनामा होण्यापूर्वी धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) न्यायालयात जमा करून घेण्याचा आग्रह अनुभवी वकील धरतात.