बुडापेस्टच्या पायाखालचं गरम पाणी

रुडास हमामखान्यात शिरल्यावर आधी वाफेशिवाय काही दिसत नाही. मग हळूहळू आठ दगडी खांब उमटतात, मधोमध अष्टकोनी कुंड, वर घुमट. घुमटाच्या भोकांत रंगीत काचा आहेत. त्यांतून कवडसे पाण्यावर उतरतात. हा सोळाव्या शतकातला, बुडाचा तुर्की सुभेदार सोकोलू मुस्तफा पाशा याच्या काळचा. (हमामखाना हा शब्द आपल्याला परका नाहीच.)

बुडा, म्हणजे आजच्या शहराचा डॅन्यूब नदीच्या पश्चिमेकडचा डोंगराळ भाग, १५४१ ते १६८६ तुर्कांकडे होतं. त्या काळात गडावरच्या मात्याश चर्चची मशीद झाली. ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याचं सैन्य आल्यावर तिचं पुन्हा चर्च झालं. हमामखाना मात्र हमामखानाच राहिला. गरम पाण्याला धर्म नसतो! त्याआधी रोमनांनीही उत्तरेला अक्विंकुम वसवून स्नानगृहं बांधली होती.

हे पाणी येतं कुठून? डॅन्यूबच्या पश्चिमेला बुडाचे डोंगर चुनखडी आणि डोलोमाइट या तिच्यासारख्याच खडकाचे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, दगड विरघळवत भेगांतून खोल जातं आणि तापतं. त्यात हंगेरीखालचं भूकवच पातळ, त्यामुळे खाली जावं तशी उष्णता इतर ठिकाणांपेक्षा लवकर वाढते. नदीकाठी मात्र खडक तुटून पूर्वेची बाजू खचली आहे आणि तिच्यावर चिकणमातीचे जाड थर साचले आहेत. तापलेल्या पाण्याला पुढे वाट नाही, म्हणून ते त्या भेगेतून वर उसळतं. झरे बुडाच्या काठाला ओळीने का लागतात, ते आता कळलं असेल.

पलीकडच्या पेस्टमध्ये तोच खडक खोल गाडलेला. तिथे पाण्यासाठी खोदावंच लागलं. विल्मोश झिगमोंडी या अभियंत्याने १८६८ साली भोक पाडायला घेतलं आणि १८७८ मध्ये ९७० मीटरवर ७४ अंश सेल्सिअसचं पाणी काढलं. दहा वर्षं! काम सुरू झालं तेव्हा बुडा आणि पेस्ट वेगळी शहरं होती. १८७३ मध्ये शेजारच्या ओबुडा या गावासह त्यांचं एक शहर झालं. १९१३ च्या सेचेनी स्नानगृहाला पाणी मिळालं ते याच विहिरीचं. तिथे आजही लोक गळ्यापर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळतात.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते गडाचं. झऱ्याचं पाणी उघड्यावर आलं की त्यातला वायू उडतो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. फार पूर्वी झरे आजच्यापेक्षा उंचावर फुटत होते, तेव्हा असाच थर साचला. पुढे गडाचा डोंगर उचलला गेला, नदी खाली गेली, झरेही खाली सरकले. थर माथ्यावर उरला. हंगेरीच्या राजांनी राजवाडा बांधला तो त्याच थरावर.