इम्पॅक्ट ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर: ठोका बसतो कुठे?

“इम्पॅक्टवालं घेतलंय, भिंतीचंही काम होईल.” घरासाठी पहिल्यांदाच बॅटरीवरचं मशीन घेणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मी आधी मशीनचं तोंड बघायला मागतो. बऱ्याचदा हातात निघतो इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळायचं मशीन, आणि त्याने भिंतीचं काम होत नाही. घेणाऱ्याला दोष देता येत नाही. दोन वेगळ्या यंत्रांच्या नावात एकच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

साधं ड्रिल सगळ्यांनी पाहिलेलं असतं: बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, पकडणारा तीन जबड्यांचा चक, त्यामागे आकडे लिहिलेली रिंग, वर दोन गिअरचं बटण. त्यावर थांबत नाही.

या ड्रिलला हातोड्याच्या चिन्हाचा तिसरा मोड जोडला की ते हॅमर ड्रिल होतं. यालाच इम्पॅक्ट ड्रिलही म्हणतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. आत दातेरी कडांच्या दोन चकत्या समोरासमोर असतात. तुम्ही मशीन भिंतीवर दाबलं की त्या एकमेकींवर घासत उसळतात आणि बिट फिरता फिरता पुढेमागे होतं. ठोका बिटाच्या टोकाच्या दिशेने, थेट भिंतीत बसतो. असे ठोके मिनिटाला 20,000च्या आसपास असतात, पण प्रत्येक ठोका अगदी छोटा. छिन्नीवर हातोडीने टिचक्या माराव्यात तसं. वीट आणि गिलावा त्याने भुगा होऊन बाहेर येतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्येही हातोडा आहे, पण तो आडवा बसतो. गंजून अडकलेला नट सोडवताना आपण पाना लावतो आणि पान्याच्या दांडीवर हातोडीचे फटके मारतो ना, नेमकं तेच. स्क्रू सहज जातोय तोवर हे मशीन गुपचूप फिरतं. स्क्रू अडला की आतली स्प्रिंग दबते, हातोडा मागे सरतो, सुटतो आणि फिरण्याच्या दिशेने फटका देतो. मिनिटाला साधारण 3,000 फटके, आणि कान बसवणारा कडकडाट. हे सगळे फटके स्क्रू पिळण्यासाठी आहेत. बिटाला भिंतीत ढकलणारा एकही ठोका त्यात नाही.

म्हणून याच्या तोंडात काँक्रीटचं बिट लावलं की काय होतं, ते एकदा जवळून बघा. बिट फिरतं, थोडी पांढरी धूळ पडते, आणि चार-पाच मिलिमीटरवर गाडी अडते. माणूस जोर लावतो. मशीन कडकडायला लागतं, तेव्हा वाटतं की आता खरं काम सुरू झालं. पण बिट आत जात नाही, जागच्या जागी घासत राहतं. बाहेर काढलं तर टोक निळं पडलेलं आणि टोकावर बसवलेल्या कार्बाइडचा तुकडा उडालेला. कार्बाइड कठीण असतं पण ठिसूळही असतं. आडवे फटके त्याला सोसत नाहीत.

दुसरी फसगत आकड्यांची. ड्रायव्हरच्या खोक्यावर पिळाचं माप 150 किंवा 180 न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं आणि शेजारच्या ड्रिलवर 50. मग लोक म्हणतात, हे तिप्पट ताकदवान. ही तुलनाच चुकीची आहे. पहिला आकडा एका क्षणिक फटक्याचा आहे, दुसरा मोटर आणि गिअरकडून थेट मिळणाऱ्या पिळाचा. लांब स्क्रू जाड लाकडात पिळताना ड्रायव्हर खरोखर सरस असतो आणि मनगटाला झटकाही देत नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. पण घरात असे स्क्रू किती लागतात?

घरातलं काम म्हणजे कपाटाची बिजागरी, पडद्याचा रॉड, सैल झालेलं हँडल. इथे ड्रिलवरची ती आकड्यांची रिंग, म्हणजे क्लच, लाखमोलाची आहे. कमी आकड्यावर ठेवा, स्क्रू बसला की कर्र आवाज होऊन पीळ सुटतो. साध्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. ट्रिगर सोडायला क्षणभर उशीर झाला की पार्टिकल बोर्डात स्क्रूचं डोकं बुडतं आणि भोक कायमचं सैल होतं. शिवाय त्याला चक नाही, 6.35 मिलिमीटरचं षटकोनी तोंड आहे, त्यामुळे गोल दांड्याचे बिट सरळ बसत नाहीत.

त्यामुळे एकच मशीन घ्यायचं तर क्लच आणि 10 मिलिमीटरचा चक असलेलं ड्रिल घ्या, भिंती विटांच्या असतील तर हॅमर मोडसकट. टाइलवर तो मोड लावू नका, टाइल तडकते. भिंत काँक्रीटची असेल तर हे छोटं हॅमर ड्रिलही खडी लागली की थांबतं. तिथे रोटरी हॅमर लागतो, ज्यात हवेच्या दाबावर पिस्टन जोरदार ठोका देतो. वर्षातून दोन भोकांसाठी तो विकत घेऊ नका, मागून आणा.

व्होल्टच्या वादात मला रस नाही. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा, पाच सेल म्हणजे 18. त्यालाच कुणी 20 मॅक्स लिहितं. तीन सेलचं 12 मॅक्स हलकं असतं आणि घराला पुरतं. शंभर नगांची बिटांची पेटी फुकट मिळतेय म्हणून मशीन निवडू नका. त्यातली बिटं पहिल्याच लोखंडी पट्टीवर बोथट होतात. त्यापेक्षा दुसरी बॅटरी मिळत असेल तर ती घ्या.

आणि घेताना नाव वाचू नका, तोंड बघा. तीन जबडे, आकड्यांची रिंग आणि हातोड्याचं चिन्ह दिसलं तर ते हॅमर ड्रिल. जबड्यांऐवजी पुढे ओढायची छोटी कॉलर आणि आत षटकोनी भोक दिसलं तर तो ड्रायव्हर.