शिंकांमागची सूज
अ‍ॅलर्जीच्या सर्दीचं पहिलं बारकाईने केलेलं वर्णन एका डॉक्टरने स्वतःच्याच दुखण्यावरून लिहिलं. लंडनचे जॉन बोस्टॉक दर जूनमध्ये बेजार होत: डोळ्यांची आग, शिंकांवर शिंका, छाती आवळून येणं, दम लागणं. १८१९ मध्ये त्यांनी ही हकिगत तिथल्या वैद्यक मंडळापुढे वाचली. निबंधाच्या शीर्षकात ‘डोळे आणि छाती’ आहे, नाक नाहीच! पुढे गंमत अशी झाली की हा आजार नाकाचाच ठरला आणि छाती दम्याच्या डॉक्टरांकडे गेली.

बोस्टॉक यांचा रोख उन्हाळ्यातल्या उष्णतेवर होता. परागकणांवरचा आरोप सिद्ध केला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही याच दुखण्याचे धनी. चिकट लेप लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवून ते सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजत बसत. एवढ्यावर भागलं नाही, तेव्हा त्यांनी काचपट्ट्या पतंगाला बांधून हजार फुटांहून वर चढवल्या. परागकण तिथेही होते. हाताच्या कातडीवर ओरखडा काढून त्यावर पराग लावला, तर तेवढीच जागा खाजून सुजली. अ‍ॅलर्जीच्या त्वचाचाचणीचं मूळ हेच. हे सगळं १८७३ मध्ये त्यांच्या पुस्तकात आलं.

१९२१ मध्ये जर्मनीत प्राउसनिट्झ यांनी, मासे न सोसणाऱ्या क्युस्टनर या सहकाऱ्याचं रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला आणि गांध उठली. म्हणजे दोष रक्तातल्या कुठल्यातरी घटकात होता. तो घटक हाती लागायला १९६६-६७ उजाडलं: अमेरिकेत डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्याला, स्वीडनमध्ये उप्सालात योहान्सन आणि बेनिख यांना. तो होता एक प्रतिपिंड (अँटिबॉडी). १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं, आयजीई.

तरी एक कोडं उरलंच. हिस्टामिन म्हणजे अ‍ॅलर्जीत पेशींतून सुटणारं, खाज-शिंका आणणारं रसायन. हिस्टामिनविरोधी गोळीने शिंका थांबतात, पण चोंदलेलं नाक तितकंसं मोकळं होत नाही. इथे बाल्टिमोरच्या संशोधकांनी साधी युक्ती केली. मान मागे टाकायची, नाकपुडीत मिठाचं पाणी घालायचं, क्षणभर धरायचं आणि भांड्यात सोडायचं. जलनेती करणाऱ्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. नाकात पराग सोडून तासातासाला हे धुवण तपासलं. १९८५ मध्ये निष्कर्ष आले: काही मिनिटांत हिस्टामिन वाढतं, ओसरतं, मग काही जणांत, नवा पराग न देताही, काही तासांनी पुन्हा चढतं. या दुसऱ्या लाटेत प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे दुसरं रसायन मात्र वाढत नाही. हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी दोन: नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशी आणि रक्तातल्या बेसोफिल या पांढऱ्या पेशी. प्रोस्टाग्लँडिन डी-२ मास्ट पेशी बनवतात, बेसोफिल बनवत नाहीत. त्यामुळे संशय गेला तो रक्तातून नाकात येणाऱ्या बेसोफिल पेशींवर. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा तर्क वाटतो.

पेशी रक्तातून येत असतील, तर त्या नाकापाशीच कशाला थांबतील? रॉटरडॅममध्ये ब्राउनश्टाल आणि सहकाऱ्यांनी पराग-अ‍ॅलर्जीची सर्दी असलेले, पण दमा नसलेले रुग्ण घेतले आणि दुर्बीण घालून फुप्फुसाच्या एका छोट्या भागातच पराग सोडला. चोवीस तासांनी नाकातला तुकडा तपासला, तर तिथेही इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या. हे २००० साली. पुढच्याच वर्षी उलट प्रयोग झाला: पराग फक्त नाकात, सूज श्वासनलिकांतही. त्याच वर्षी, २००१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने निघालेल्या, अ‍ॅलर्जीची सर्दी आणि दमा यांच्या नात्यावरच्या ‘आरिया’ अहवालाने डॉक्टरांना सांगितलं की सर्दी हटत नसेल, तर रुग्णाची छातीही तपासा.